विमानातली मधली सीट आली कुठून?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचे इअरफोन नेहमीप्रमाणं हरवलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, सांभाळून घ्या.

सुरुवात लातूरच्या बसस्टँडवरून करू. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत टाकायचा, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. सीटवर रुमाल पडला म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलं. जुन्या लाल गाडीत थ्री बाय टू बाकडी असायची, तेव्हा तिघांच्या बाकावर चौथा माणूस ‘जरा सरका की पाव्हणं’ म्हणत टेकायचाच. आणि रेल्वेचं तर विचारूच नका. २०१७ मध्ये मुंबई-लातूर एक्स्प्रेस बिदरपर्यंत वाढवली, तेव्हा लातुरात आंदोलन पेटलं होतं. भांडण बिदरकरांशी नव्हतं. भांडण होतं बर्थचं. आमच्या गाडीतल्या जागा आता वाटून घ्यायच्या का, एवढाच प्रश्न होता.

म्हणजे जागा या विषयावर लातूरकर तज्ज्ञ आहे. तरीही एका ठिकाणी आपण गप्प बसतो. ते ठिकाण म्हणजे विमान.

माझी आत्या औशाची. वय ६३. गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी ती न्यू जर्सीला गेली. लातूरहून रात्रीची रेल्वे, मुंबईहून विमान, मध्ये आखातातल्या एका शहरात दुसरं विमान. या दुसऱ्या विमानात तिला एकटीला चौदा तास बसायचं होतं. विमानकंपनीचं नाव घेत नाही, कारण गोष्ट एका कंपनीची नाहीच. एका रांगेत दहा खुर्च्या. तीन, मग चालायची वाट, मग चार, परत वाट, मग तीन. आत्याची जागा मधल्या चारांत आतली. दोन्हीकडं अनोळखी माणसं, दोन्ही झोपलेली. उठायचं तर कुणाला तरी उठवावं लागणार. म्हणून तिनं सोपा उपाय काढला. चौदा तास पाणीच प्यायली नाही.

उतरली तेव्हा पाय एवढे सुजले होते की चप्पल हातात घेऊन इमिग्रेशनच्या लाइनीत उभी राहिली. फोनवर हसत सांगत होती, “अरे बाबा, यष्टी बरी की. निदान टेंभुर्णीला चहाला तरी थांबती.”

ती हसली, पण मला काही हसू आलं नाही. मी शोधायला बसलो की एका रांगेत दहा माणसं बसवायची हे ठरवलं कुणी? विमान बनवणाऱ्यानं? सरकारनं? त्या शोधातून हा भाग तयार झाला.

आधी एकदम मागं जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून एक छोटं पस मॉथ विमान उडवत मुंबईला जुहूला उतरले. त्यात प्रवासी नव्हतेच, टपालाच्या थैल्या होत्या. पुढच्या, म्हणजे १९३३ च्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी नेलेले प्रवासी किती? १५५. आज लातूर-पुणे मार्गावर एका संध्याकाळी सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये याहून जास्त माणसं बसत असतील. तेव्हा सीटचा प्रश्नच नव्हता. टपाल महत्त्वाचं, माणूस जमलं तर.

मग येते ८ जून १९४८. एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं, नाव ‘मलबार प्रिन्सेस’. आत ३५ प्रवासी. कैरोला थांबायचं, जिनिव्हाला थांबायचं, मग लंडन. जाहिरातीत भाडं होतं १७२० रुपये. तेव्हा सोनं तोळ्याला शंभर रुपयांच्या आतबाहेर होतं, म्हणजे हिशेब सतरा-अठरा तोळ्यांचा झाला. प्रवाशांत राजेरजवाडे होते यात नवल नाही, दुसरं कोण देणार?

इथं जरा थांबा. त्या दिवशी आपलं लातूर भारतातच नव्हतं. आपण निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतो, बाजारात हाली सिक्का चालायचा, आणि रझाकारांच्या भीतीनं सरहद्दीवरच्या गावांतली माणसं रात्री घर सोडून पलीकडं जात होती. हैदराबाद संस्थान भारतात यायला सप्टेंबर उजाडला. मुंबईहून एक विमान लंडनला निघालं तेव्हा मराठवाड्यातला माणूस सोलापूरला सुखरूप पोचला तरी देवाला नारळ फोडत होता. हे डोक्यात ठेवा, कारण पुढं कुणाला किती जागा मिळाली याचा हिशेब करताना, सुरुवातीला आपण रांगेतसुद्धा नव्हतो हे विसरून चालणार नाही.

त्याच ‘मलबार प्रिन्सेस’चा शेवट वाईट झाला. ३ नोव्हेंबर १९५० ला ते आल्प्सच्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. आतले ४८ जण गेले. त्यात ४० प्रवासी होते, आणि ते राजेमहाराजे नव्हते. बहुतेक खलाशी होते, इंग्लंडमध्ये एका जहाजावर कामाला निघालेले. म्हणजे दोनच वर्षांत त्या ऐटबाज खुर्च्यांवर कामगार बसू लागले होते. मालकाला माणसं लवकर पोचवायची होती, म्हणून का होईना.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला लांबच्या विमानात एकच दर्जा असायचा, भारी भाड्याचा. १ मे १९५२ पासून अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत ‘टूरिस्ट क्लास’ आला आणि १ एप्रिल १९५८ ला ‘इकॉनॉमी’. हा शब्द तेव्हा जन्मला. विमानकंपन्यांची जागतिक संघटना भाडं ठरवायची आणि त्या भाड्यात काय द्यायचं तेही ठरवायची. पुढच्या खुर्चीपासून मागच्या खुर्चीपर्यंतच्या अंतराला ‘पिच’ म्हणतात. क्रिकेटचं पिच नव्हे, पण भांडणं तेवढीच. इकॉनॉमीचं पिच ठरलं ३४ इंच. जेवण ठरलं साधं सँडविच. यावरून १९५८ मध्ये खरंखुरं भांडण झालं. युरोपातल्या काही कंपन्या पावाच्या तुकड्यावर एवढं काही रचून द्यायच्या की अमेरिकेच्या पॅन ॲमनं तक्रार केली, हे सँडविच नव्हे, हे ताट आहे! मग सँडविच कशाला म्हणायचं यावर मोठमोठ्या माणसांच्या बैठका झाल्या. हसू येतं, पण यातून एक कळतं. भाडं सारखं, अंतर सारखं, म्हणून स्पर्धा पावावर आली होती. पुढं उलटं झालं.

१९६० मध्ये एअर इंडियाकडं बोइंग ७०७ जेट आलं आणि त्याच वर्षी १४ मेला लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. हे लांबट, अरुंद विमान. मध्ये एक वाट, दोन्हीकडं तीन-तीन खुर्च्या. आपल्या भाषेत थ्री बाय थ्री. मधली सीट होती, पण उठायचं म्हटलं तर जास्तीत जास्त दोघांना त्रास. आणि वाटेत विमान उतरायचं. माणसं खाली उतरून पाय मोकळे करायची, म्हणजे टेंभुर्णीची सोय होती.

मग १९७१ मध्ये जंबो आलं. बोइंग ७४७. एअर इंडियाच्या पहिल्या जंबोचं नाव ‘एम्परर अशोक’. बाहेरून खिडक्यांभोवती झरोक्यांची लाल नक्षी, वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गासाठी लाउंज. आतली रुंदी सुमारे ६ मीटर, दोन वाटा. फोटो बघा कधी, राजवाडाच वाटतो.

जगात जंबो उडायला लागलं १९७० मध्ये, तेव्हा इकॉनॉमीत एका रांगेत नऊ खुर्च्या असायच्या. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि नऊच्या दहा झाल्या. विमान तेच. भिंती त्याच. एक इंचसुद्धा रुंदी वाढली नव्हती. फक्त प्रत्येकाच्या खुर्चीतून थोडं थोडं काढून एक नवी खुर्ची तयार केली.

आत्याच्या सीटचा जन्म इथला आहे. आधी मला वाटायचं विमान जसं बनतं तशा खुर्च्या असतात. तसं नाही. विमान बनवणारा कारखाना रिकामी नळी देतो असं समजा. जमिनीवर रूळ असतात, त्यावर खुर्च्या सरकवून बसवतात. रांगेत किती आणि दोन रांगांत किती अंतर, हे विमानकंपनी ठरवते. नियम असतो तो सुरक्षेचा. निम्मे दरवाजे बंद असले तरी ९० सेकंदांत सगळी माणसं बाहेर पडली पाहिजेत. गुडघा समोर लागतो का, खांदा शेजाऱ्याला घासतो का, हे त्या नियमात नाही.

१९७८ मध्ये अमेरिकेनं देशांतर्गत भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं आणि हळूहळू जगभर भाडी मोकळी होत गेली. आता स्पर्धा पावावर राहिली नाही, भाड्यावर आली. पिच ३४ वरून अनेक ठिकाणी ३१ इंचांवर आलं. तीन इंच म्हणजे किती? हाताची चार बोटं गुडघ्यासमोर धरून बघा. तेवढं.

मधल्या काळात चांगली विमानंही आली, हेही सांगायला पाहिजे. एअरबसच्या ए३०० आणि ए३१० मध्ये टू बाय फोर बाय टू असायचं. कुणालाही वाटेवर यायला फार तर एकाला उठवावं लागतं. एअर इंडियानं ही दोन्ही विमानं १९८० च्या दशकात घेतली. १९९० मध्ये कुवेतवर इराकनं हल्ला केला तेव्हा अम्मानहून मुंबईला अडकलेल्या भारतीयांना आणायला दोन महिन्यांत ४८८ उड्डाणं झाली, एक लाख अकरा हजारांवर माणसं आली. त्या प्रवासात सीट कुठली हे कुणी विचारलं नसेल.

त्यानंतर बोइंग ७७७. हे विमान १९९५ मध्ये उडालं तेव्हा बहुतेक कंपन्यांनी रांगेत नऊ खुर्च्या बसवल्या, काहींनी दहा. आतली रुंदी ५.८६ मीटर. नऊ बसवल्या तर प्रत्येकाला साधारण साडेअठरा इंच, दहा बसवल्या तर सतरा. दोन बोटांचा फरक. २०१० नंतर दहाचीच पद्धत पडली. आत्याचं विमान याच जातीचं होतं. मग ७८७, ज्याला ड्रीमलायनर म्हणतात. बोइंगनं ते मांडलं टू बाय फोर बाय टू, म्हणजे आठच्या हिशेबानं. जपानच्या कंपन्यांनी सुरुवातीला तसंच घेतलं. बाकी जवळजवळ सगळ्यांनी नऊ बसवल्या. एअर इंडियाकडं २०१२ मध्ये ड्रीमलायनर आलं ते २५६ खुर्च्यांचं: १८ बिझनेस, २३८ इकॉनॉमी, रांगेत नऊ.

आणि याच काळात थांबे गेले. १ ऑगस्ट २००७ ला एअर इंडियानं मुंबई-न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली, मध्ये कुठंही न थांबता. अंदाजे सोळा तास. बातम्यांत कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे होतं. पण खुर्ची अरुंद होत गेली आणि त्याच काळात तिच्यात सलग बसायचा वेळ वाढत गेला, हे दोन्ही एकत्र कुणी मोजलं नाही.

डॉक्टर लोकांनी मोजलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचा अहवाल दिला. चार तासांहून जास्त सलग बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दोन ते तीन पट होतो. घाबरू नका, धडधाकट माणसात तो सहा हजारांत एक एवढाच आहे. आणि हे फक्त विमानाचं नाही, बस, रेल्वे, कार सगळ्याचं आहे. लातूर-मुंबई ट्रॅव्हल्सवाल्यांनीही ऐकावं. उपाय काय? उठून चाला, पाय हलवा, पाणी प्या. म्हणजे आत्यानं नेमकं सगळं उलटं केलं होतं. का? तर शेजारच्याला त्रास नको. आपल्या बायका अशाच आहेत आणि सीटची मांडणी करणाऱ्याला याचा पत्ता नाही.

आता मला छळणारा प्रश्न. लातूर एक्स्प्रेससाठी आपण रस्त्यावर आलो. त्याआधी, लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना, स्लीपरच्या डब्यात बाजूच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरा बर्थ घुसवला होता, आठवतं? ७२ ची ८१ माणसं केली. त्या साइड मिडलवर झोपलेल्या माणसाला शवपेटीत ठेवल्यासारखं वाटायचं. देशभर ओरड झाली आणि २००९ मध्ये ममता बॅनर्जी मंत्री झाल्यावर ते बर्थ निघाले. विमानातल्या दहाव्या खुर्चीसाठी असं का झालं नाही?

एक कारण मला पटतं. रेल्वे आपली वाटते, विमानात आपण पाहुणे असतो. पाहुण्यानं सरकून बसायचं असतं. दुसरं कारण जास्त बोचतं. तिकीट काढताना मीच मोबाइलवर ‘सर्वात स्वस्त आधी’ हे बटण दाबलं होतं. दहावी खुर्ची नसती तर आत्याचं तिकीट महागलं असतं. जायचं-यायचं मिळून तोळाभर सोन्याच्या आसपास पडलं. १९४८ च्या त्या सतरा-अठरा तोळ्यांशी लावून बघा. औशातली, सातवी शिकलेली बाई लेकीजवळ वेळेवर पोचली, नातीला पहिल्या दिवशी तिनं मांडीवर घेतलं, ते या दाटीवाटीमुळंच. म्हणून त्या खुर्चीला शिव्या द्यायला माझी जीभ वळत नाही. माझं भांडण वेगळं आहे. साडी घेताना पन्हा विचारता येतो, प्लॉट घेताना दोरी लावता येते. तिकीट घेताना खुर्चीची रुंदी कुठं ठळक लिहिलेली असते का? अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानं सरकारला सांगितलं होतं की खुर्चीचं किमान माप ठरवा. २०२२ मध्ये लोकांची मतं मागवली, सव्वीस हजारांवर मतं आली. तरी प्रवाशाच्या सोयीचं किमान माप अजून ठरलेलं नाही.

पुढच्या भागात काय झालं तेही बघा, म्हणजे विमानाच्या पुढच्या भागात. २००० मध्ये ब्रिटिश एअरवेजनं बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवं होता येईल अशी खुर्ची आणली आणि मग सगळ्यांनाच ती आणावी लागली. झोपलेल्या माणसाला जागा जास्त लागते, ती आकाशातून येत नाही. एअर इंडियाचं नवं ए३५० विमान २२ जानेवारी २०२४ ला बेंगळुरू-मुंबई मार्गावर पहिल्यांदा प्रवासी घेऊन उडालं. (गंमत म्हणजे जंबोचं जगातलं पहिलं प्रवासी उड्डाणही २२ जानेवारीचंच, १९७० चं.) त्यात ३१६ जागा आहेत. पुढं दार लावता येणाऱ्या २८ खोल्या, रांगेत चार. मग प्रीमियम इकॉनॉमीच्या २४. आणि मागं इकॉनॉमीच्या २६४, रांगेत नऊ.

ही प्रीमियम इकॉनॉमी नीट बघा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती जगात आली. थोडी रुंद खुर्ची, थोडं जास्त पिच, जास्त पैसे. १९५८ मध्ये साध्या तिकिटात मिळायचं त्याच्या जवळपासचं काहीतरी आता वेगळं नाव देऊन वेगळ्या भावात विकतात, असं माझं मत आहे. चुकत असेन तर मेसेज करा.

टाटांकडं परत गेल्यावर एअर इंडियानं जुन्या मोठ्या विमानांचं आतलं सगळं बदलायचं ठरवलं. २०२२ च्या शेवटी ४० कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर झाला. तुटक्या खुर्च्या, बंद पडलेले स्क्रीन यांवर लोक वैतागलेलेच होते. जुलै २०२५ मध्ये पहिलं ड्रीमलायनर या कामासाठी कॅलिफोर्नियाला गेलं. आणि पुढच्याच महिन्यात कंपनीनं जाहीर केलं की १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा बंद. कारणं दोन सांगितली. पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केल्यानं प्रवास लांबलाय, आणि खुर्च्या बदलायला विमानं बाहेर असल्यानं ताफा कमी पडतोय. खुर्ची बदलायची म्हणून मार्गच बंद! आपल्याकडं एसटीची बाकडी शिवायला टाकली म्हणून लातूर-पुणे गाडी बंद केली असती तर डेपो मॅनेजरचं काय झालं असतं, विचार करा.

आता कामाचं. तिकीट काढताना विमानाची जात लिहिलेली असते, ती बघत जा. ए३३० असेल तर बहुधा टू बाय फोर बाय टू, वयस्कर माणसाला सगळ्यात बरं. ७८७ आणि ए३५० असेल तर बहुतेक ठिकाणी तीन-तीन-तीन. ७७७ असेल तर बहुतेक तीन-चार-तीन, तेव्हा वाटेकडची सीट आधीच धरा. खिडकीचा मोह तरुणांनी करावा.

आत्या परत निघालीय. नातीचा पहिला वाढदिवस आहे. यावेळी मी ‘सर्वात स्वस्त’ दाबलं नाही, आधी खुर्च्यांचा नकाशा उघडला. वाटेकडच्या जागेला जास्तीचे पैसे मागत होते. आत्याला फोन करून आकडा सांगितला. वाटलं नको म्हणेल. पलीकडं जरा वेळ शांतता, मग म्हणाली, “कडंची असंल तर टाक बाबा रुमाल.”

४१ सी. टाकला.